शब्द सिलेक्ट केला, पण अर्थ आलाच नाही: डेस्कटॉप शब्दकोशाचं पॉपअप अडतं तेव्हा

तक्रार ऐकू येते ती एकच, "पॉपअप येत नाही." नीट विचारलं की तिच्याआड निरनिराळी दुखणी निघतात. आपलं यातलं कोणतं ते आधी ओळखा:

– शॉर्टकट दाबला तरी काहीच होत नाही.
– खिडकी येते, पण मघाशी शोधलेलाच शब्द दाखवते.
– खिडकीत शब्द बरोबर आलेला असतो, पण अर्थ सापडत नाही.
– एका प्रोग्रॅममध्ये चालतं, दुसऱ्यात नाही.
– शब्दाऐवजी चौकोन, असंबद्ध रोमन अक्षरं किंवा मोडलेलं देवनागरी येतं.
– शेजारचा शब्द उचलला जातो, किंवा खिडकी स्क्रीनबाहेर कुठेतरी उघडते.
– काल चालत होतं, आज कंप्युटर सुरू केल्यापासून बंद.

भाषांतर करणारे, परभाषेतलं वाचणारे, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारे अशा पुष्कळांची ही टूल्स मी मार्गी लावून दिली आहेत. बिघाड जवळजवळ नेहमी ठरलेल्या जागी सापडतो. स्क्रीनवरच्या शब्दापासून अर्थापर्यंत चार टप्पे असतात: दाबलेली कळ टूलला कळणं, शब्दाचा मजकूर टूलच्या हाती येणं, तो शब्दकोशात सापडणं आणि खिडकी डोळ्यांसमोर उघडणं. वरचं प्रत्येक लक्षण यातल्या कुठल्यातरी एका टप्प्याशी जोडलेलं आहे. टप्पा सापडला की निम्मं काम झालं.

म्हणूनच टूल काढून पुन्हा टाकायची घाई करू नका. जवळजवळ सगळे तिथूनच सुरुवात करतात आणि त्यातून क्वचितच काही निष्पन्न होतं. अनइन्स्टॉल केलं तरी सेटिंग आणि इंडेक्स (शब्द चटकन सापडावेत म्हणून टूलने बनवलेली सूची) सहसा युजरच्या फोल्डरात तसेच राहतात, नवं टाकलेलं टूल तेच उचलतं आणि बिघाड जसाच्या तसा परत येतो.

खाली उदाहरणं गोल्डनडिक्टची घेतली आहेत, कारण ते फुकट आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे चालतं आणि बरेच जण तेच वापरतात. दुसरं टूल असेल तर मेनूंची नावं बदलतील, तपासण्यांचा क्रम तोच ठेवा.

आधी दोन चाचण्या

पहिली: टूलची मुख्य खिडकी उघडून एखादा साधा शब्द हाताने टाइप करा. अर्थ आला तर शब्दकोश शाबूत आहेत, गडबड शब्द उचलण्यात किंवा कळ पोचण्यात आहे. नाही आला तर शॉर्टकटच्या मागे लागण्यात अर्थ नाही, सरळ खाली शब्दकोशांच्या भागाकडे जा.

दुसरी: तोच शब्द नोटपॅडसारख्या अगदी साध्या एडिटरमध्ये टाइप करा, सिलेक्ट करा आणि नेहमीचा शॉर्टकट दाबा. इथे चाललं पण पीडीएफमध्ये किंवा ब्राउझरमध्ये चालत नसेल, तर टूल ठणठणीत आहे. अडचण त्या दुसऱ्या प्रोग्रॅमची किंवा तिथल्या मजकुराची आहे.

टूल चालू आहे का

घड्याळाशेजारच्या ट्रेमध्ये टूलचं चिन्ह आहे का ते पाहा. विंडोज बरीचशी चिन्हं छोट्या बाणामागे लपवतं, तिथेही बघा. चिन्ह नसेल तर टूल सुरूच नाही. 'काल होतं, आज नाही' या तक्रारीचं उत्तर बहुधा इथेच मिळतं: कंप्युटरबरोबर आपोआप सुरू होण्याची खूण काढली गेलेली असते, किंवा टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीत ते बंद केलेलं असतं.

चिन्ह असेल तर स्कॅन पॉपअप, म्हणजे शब्द निवडला की अर्थाची छोटी खिडकी दाखवण्याची सोय, चालू आहे का ते पाहा. गोल्डनडिक्टमध्ये टूल चालू असणं वेगळं आणि स्कॅन पॉपअप चालू असणं वेगळं. प्रेफरन्सेसमध्ये स्कॅन पॉपअपच्या पानावर 'सुरू होतानाच चालू ठेवा' अशा अर्थाची खूण असते. तिच्या खालीच 'अमुक कळा दाबून धरल्या तरच पॉपअप दाखवा' असाही पर्याय आहे. तो नकळत निवडला गेला की नुसत्या सिलेक्ट करण्याने काही होत नाही आणि टूल मेलं असं वाटतं.

शॉर्टकट

गोल्डनडिक्टचा मूळ शॉर्टकट कंट्रोल + सी + सी. म्हणजे कंट्रोल दाबून धरायचं आणि न सोडता सी दोनदा दाबायचं. दोन सींच्या मध्ये कंट्रोल क्षणभर जरी सुटलं तरी तो शॉर्टकट राहत नाही, दोनदा केलेली साधी कॉपी होते. मी पहिल्यांदा नेहमी समोरच्याचा हात बघतो. अनेकदा तपासणी तिथेच संपते.

मुख्य खिडकीसाठी कंट्रोल + एफ११ + एफ११ आहे. लॅपटॉपवर वरच्या ओळीतल्या कळा आवाज आणि प्रकाश कमी-जास्त करायला लावलेल्या असतील तर एफ११ पोचतच नाही. एफएन दाबून बघा.

त्यानंतर टक्कर. कुठल्याही प्रोग्रॅममध्ये असताना चालणारा (ग्लोबल) शॉर्टकट एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळतो. भाषांतराचं दुसरं ॲप, स्क्रीनशॉटचं टूल, क्लिपबोर्डचा (कॉपी केलेलं जिथे तात्पुरतं राहतं त्या जागेचा) इतिहास ठेवणारा प्रोग्रॅम, यातल्या कुणी तोच शॉर्टकट आधी पकडला असेल तर तुमच्या टूलला तो मिळत नाही, आणि बहुतेक टूल्स तसं सांगतही नाहीत. हॉटकीजच्या पानावर जाऊन सहसा कुणी वापरत नाही अशी जोडी द्या आणि पुन्हा बघा. खर्च शून्य, वेळ मिनिटभर. आज चालतं, उद्या नाही, असं होत असेल तर मला आधी याचाच संशय येतो, कारण सकाळी जो प्रोग्रॅम आधी सुरू होतो तो शॉर्टकट नेतो.

एक धोका. टर्मिनलमध्ये कंट्रोल + सी म्हणजे चालू काम थांबवण्याची आज्ञा. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये शब्दाचा अर्थ बघायला हा शॉर्टकट दाबलात तर तासभर चाललेलं काम एका क्षणात बंद पडेल. तिथली कॉपी कंट्रोल + शिफ्ट + सी ने होते. टर्मिनल रोज वापरणाऱ्यांनी टूलचा शॉर्टकट बदलूनच टाकावा.

क्लिपबोर्ड

खिडकी उघडते पण जुनाच शब्द दाखवते, याचा अर्थ कळ पोचली, कॉपी झाली नाही. खातरजमा सोपी आहे: शब्द कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. जुनंच काही पेस्ट झालं तर शब्दकोशाचा दोष नाही.

विंडोजमध्ये क्लिपबोर्ड एका वेळी एकच प्रोग्रॅम उघडू शकतो. दुसऱ्याने तो त्याच क्षणी धरून ठेवला असेल तर कॉपी फसते. क्लिपबोर्डचा इतिहास ठेवणारे, पासवर्ड सांभाळणारे आणि रिमोट डेस्कटॉपचे (दूरचा कंप्युटर आपल्या स्क्रीनवरून चालवणारे) प्रोग्रॅम एकेक करून बंद करा आणि प्रत्येक वेळी चाचणी घ्या. सगळे एकदम बंद करू नका, नाहीतर अडथळा नेमका कोणाचा ते कळणार नाही.

रिमोट डेस्कटॉपवर दोन कंप्युटरांमध्ये क्लिपबोर्ड ने-आण करणारी एक स्वतंत्र प्रक्रिया असते. ती अडकली की कॉपी-पेस्ट बंद पडतं. जोडणी तोडून पुन्हा जोडली की बहुधा सुरळीत होतं. माउस नुसता शब्दावर नेऊन अर्थ दाखवणारी टूल्स मात्र तिथे चालत नाहीत, कारण तुमच्या कंप्युटरच्या दृष्टीने ती सगळी खिडकी म्हणजे एक चित्र.

स्प्रेडशीटची तऱ्हा वेगळी. सेल निवडून कॉपी केली की सेलमधलं सगळं वाक्य जातं आणि शब्दकोश अख्खं वाक्य शोधत बसतो. एफ२ दाबून सेलच्या आत जा, शब्दावर डबल क्लिक करा, मग शॉर्टकट.

एकाच प्रोग्रॅममध्ये चालत नाही

नोटपॅडमध्ये चालतं, पण एका ठराविक प्रोग्रॅममध्ये काहीच नाही किंवा सतत जुना शब्द, असं असेल तर तो प्रोग्रॅम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू आहे का ते बघा. व्हिस्टापासून विंडोजमध्ये अशी आडभिंत आहे की साध्या अधिकारांच्या प्रोग्रॅमला वरच्या अधिकारांच्या खिडकीत कळा पाठवता येत नाहीत. टूल 'कॉपी कर' असं सांगतं, ते तिथे पोचतच नाही. उपाय असा की तो प्रोग्रॅम गरज नसताना ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवू नका. उलट टूललाच ते अधिकार द्या असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला पटत नाही. कुठून कुठून उतरवलेल्या शब्दकोशांच्या फायली वाचणाऱ्या प्रोग्रॅमला सगळ्या कंप्युटरच्या किल्ल्या कशाला द्यायच्या?

माउस नेताच शब्द ओळखणारी जुनी टूल्स नव्या ब्राउझरमध्ये आंधळी का होतात, हेही पुष्कळ जण विचारतात. ती टूल्स विंडोजच्या जुन्या रेखाटन पद्धतीवर नजर ठेवून, स्क्रीनवर अक्षरं काढली जात असतानाच ती टिपत असत. आजचे ब्राउझर आणि बरीच ॲप्स अक्षरं ग्राफिक्स कार्डाच्या मदतीने स्वतः रंगवतात, त्या वाटेने जातच नाहीत. हा बिघाड नाही, त्या टूलचा काळ संपला. सिलेक्ट करून शॉर्टकट दाबण्याची सवय लावून घ्या, ती पद्धत जास्त भरवशाची आहे.

मजकूरच फसवा असतो तेव्हा

इथे जरा थांबतो, कारण मराठी वाचणाऱ्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो.

पीडीएफ उघडा आणि कंट्रोल + ए दाबा. ओळींवर निळा रंग चढला नाही, किंवा अख्खं पान एकच चौकोन म्हणून निवडलं गेलं, तर ते पान स्कॅन केलेलं चित्र आहे. त्यात अक्षरं नाहीतच, टूल उचलणार काय? तिथे ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारं टूल, लागतं. विंडोजवर इंग्रजी पानासाठी मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉईज या फुकट टूल-संचातलं टेक्स्ट एक्स्ट्रॅक्टर चांगलं काम देतं: विंडोज + शिफ्ट + टी दाबून शब्दाभोवती चौकट ओढायची, मजकूर क्लिपबोर्डवर येतो. देवनागरीसाठी टेसरॅक्ट हा ओसीआरचा फुकट प्रोग्रॅम वापरा आणि त्यात मराठीची भाषा-फाईल वेगळी टाका. ती न टाकता चालवलं तर देवनागरीला रोमन समजून ते वाट्टेल ते ओकतं.

निळा रंग चढतो, पण पेस्ट केल्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हं येतात, तेव्हा मजकूर युनिकोडपूर्व (सगळ्या लिप्यांसाठी एकच संकेतपद्धत येण्याआधीच्या) फॉन्टमधला आहे. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या कागदपत्रांत दिसतं देवनागरी, आत साठवलेली असतात रोमन अक्षरांची संकेतचिन्हं. फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा पोशाख चढवतो. शब्दकोशाकडे पोशाख जात नाही, आतली अक्षरं जातात. त्या त्या फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर वापरून मजकूर आधी बदलून घ्या.

तिसरा प्रकार: देवनागरीच पेस्ट होतं, पण वेलांट्या भलत्याच अक्षरावर सरकलेल्या आणि जोडाक्षरं फुटलेली. पीडीएफ बनवताना अक्षरांच्या आकारांची युनिकोडशी जोडणी नीट साठवली गेलेली नसते. वाचक प्रोग्रॅम बदलून बघा, कधीकधी दुसरा वाचक तेच पान नीट कॉपी करतो. नाही जमलं तर ओसीआर.

आणि सगळ्यात छुपा प्रकार. शब्द डोळ्यांना तंतोतंत तोच दिसतो, शब्दकोशात तो आहे हे तुम्हाला माहीत असतं, तरी सापडत नाही. 'तऱ्हा' आणि 'तर्‍हा' पाहा. पहिल्यात ऱ हे वेगळं अक्षर वापरलं आहे, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्हीकडे तोच अर्धा र उमटतो, शोधणाऱ्या प्रोग्रॅमला हे दोन वेगळे शब्द. तसंच 'ॲ'चं. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधी, आणि अजूनही कित्येक ठिकाणी, अ वर चंद्र देऊन 'अॅ' लिहितात. काही टूल्स हा फरक स्वतः मिटवतात, काही नाही. शंका आली की तो शब्द मुख्य खिडकीत आपल्या कीबोर्डने टाइप करा. टाइप केलेला सापडला आणि कॉपी केलेला नाही, तर कारण हेच.

इंग्रजी पानांवर ओळीच्या शेवटी तोडलेले शब्द अर्धेच उचलले जातात, तेवढं लक्षात ठेवा.

शब्दकोश

शब्द मुख्य खिडकीत सापडतो, पॉपअपमध्ये नाही? पॉपअपच्या खिडकीत वर एक छोटी यादी असते, शब्दकोशांचा गट निवडण्याची. पॉपअपचा गट मुख्य खिडकीपेक्षा वेगळा असू शकतो. कधीतरी चुकून जर्मनचा गट निवडला गेला की नंतर प्रत्येक मराठी शब्द 'सापडला नाही' होतो. दोन्हीकडे तोच गट लावा.

कुठेच सापडत नसेल तर शब्दाचं रूप बघा. शब्दकोशात 'पाणी' असतं, आपण सिलेक्ट करतो 'पाण्यात'. 'मुलांनी', 'घराच्या', 'झाडावरून' ही नोंदीची रूपं नाहीत. इंग्रजीत हे काम हनस्पेल या स्पेलिंग तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या फायली बऱ्यापैकी निभावतात: शब्दकोशांच्या सेटिंगमध्ये मॉर्फॉलॉजीचं पान आहे, तिथे त्या भाषेच्या एएफएफ आणि डीआयसी या दोन्ही फायली असलेला फोल्डर दाखवला की 'रनिंग'वरून 'रन' शोधलं जातं. मराठीत सामान्यरूपामुळे मूळ शब्दच आतून बदलतो, तेव्हा त्यावर फार विसंबू नका. पॉपअपमधल्या शब्दाच्या चौकटीत शेवटची अक्षरं खोडून मूळ रूप टाइप करणं हाच जलद मार्ग.

जुने मराठी शब्दकोश वापरत असाल तर अनुस्वार आठवा. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी व्युत्पत्तीने येणारे बरेच न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. एकोणिसाव्या शतकातल्या कोशात 'नांव' आणि 'कांहीं' अशा नोंदी आहेत, 'नाव' आणि 'काही' शोधून त्या हाती लागणार नाहीत.

हाताने टाइप केलेला अगदी सोपा शब्दही सापडत नाही, तेव्हा फायली जागेवर आहेत का ते तपासा. फोल्डर हलवलेला असतो, किंवा बाहेरच्या ड्राइव्हचं अक्षर बदललेलं असतं. स्टारडिक्ट प्रकारच्या कोशाला आयएफओ, आयडीएक्स आणि डिक्ट अशा तिन्ही फायली एकाच फोल्डरात आणि एकाच नावाने लागतात. एकीचं नाव बदललं की कोश यादीतून गायब.

फायली जागेवर असूनही अर्थ चुकीचे किंवा अर्धवट येत असतील तर इंडेक्स बिघडला आहे. टूल पूर्ण बंद करा, ट्रेमधूनही. सेटिंगच्या फोल्डराची प्रत काढून ठेवा, मग त्यातला फक्त इंडेक्स नावाचा फोल्डर काढून टाका. पुन्हा सुरू केल्यावर टूल तो नव्याने बांधतं. कोश मोठे असतील तर वेळ लागतो, मध्येच बंद करू नका.

खिडकी दिसत नाही, किंवा शेजारचा शब्द येतो

दुसरा मॉनिटर काढल्यावर खिडकी त्या नसलेल्या मॉनिटरवर उघडत राहते. खिडकी पुढे असताना विंडोज + शिफ्ट + डावा किंवा उजवा बाण दाबला की ती बहुधा परत येते. शेजारचा शब्द उचलला जाणं हे १२५ किंवा १५० टक्के स्केलिंगचं, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं मोठं करून दाखवण्याच्या सेटिंगचं, लक्षण. थोडा वेळ १०० टक्के करून बघा. दोष गेला तर टूलच्या प्रोग्रॅम फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटीच्या पानावर हाय डीपीआयची सेटिंग बदला आणि स्केलिंग पूर्ववत करा.

लिनक्स आणि मॅक

लिनक्सवर अपडेटनंतर पॉपअप अचानक बंद झालं असेल तर सेशन वेलँडवर (खिडक्या दाखवण्याच्या नव्या व्यवस्थेवर) गेलं आहे का ते पाहा. वेलँडमध्ये मागे चालणाऱ्या प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या कळा ऐकता येत नाहीत, क्लिपबोर्डही हवा तेव्हा वाचता येत नाही. सुरक्षेसाठी मुद्दाम तसं केलं आहे. त्यावर भांडण्यापेक्षा डेस्कटॉपच्या स्वतःच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये एक शॉर्टकट बनवा आणि त्याला सिलेक्ट केलेला शब्द गोल्डनडिक्टला देणारी आज्ञा जोडा. गोल्डनडिक्ट आज्ञेबरोबर दिलेला शब्द थेट शोधतं.

मॅकवर बाहेरच्या टूलला ॲक्सेसिबिलिटीची परवानगी लागते. टूलचं अपडेट आल्यावर खूण चालू दिसते पण परवानगी लागू नसते, असं होतं. यादीतून टूल काढा, पुन्हा घाला. तोवर मॅकचं स्वतःचं कंट्रोल + कमांड + डी आहेच.

इथे थांबा

कंप्युटर ऑफिसचा असेल आणि टूल सुरू होताच बंद होत असेल, किंवा अँटिव्हायरस त्याला अडवत असेल, तर तिथेच थांबा आणि आयटी विभागाला सांगा. सगळ्या कळा ऐकणारा प्रोग्रॅम सुरक्षा यंत्रणेला संशयास्पद वाटणं स्वाभाविक आहे. परवानगी द्यायची की नाही हा निर्णय त्यांचा. अँटिव्हायरस बंद करून बघणं घरच्या कंप्युटरवरही करू नका.

रीस्टार्ट केल्यावर, मागे चालणारं सगळं बंद केल्यावरही कुठल्याच प्रोग्रॅममध्ये कॉपी-पेस्ट होत नसेल, तर दोष शब्दकोशाचा नाही, सिस्टिमचा आहे. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगचा साठा) साफ करणारी टूल्स चालवू नका, जाणकार तंत्रज्ञाला दाखवा. इंडेक्स नव्याने बांधला तरी पुन्हा पुन्हा बिघडत असेल, फायली उघडताना कंप्युटर गोठत असेल किंवा डिस्कच्या चुका दिसत असतील, तर आधी महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा आणि कंप्युटर दुरुस्तीला द्या. डिस्क जात असताना इंडेक्स बांधत बसणं म्हणजे तिच्यावर आणखी ताण.

तंत्रज्ञाकडे जाताना तीन गोष्टी लिहून न्या: नोटपॅडमध्ये चालतं की नाही, हाताने टाइप केलेला शब्द सापडतो की नाही, आणि बिघाड सुरू होण्याआधी कंप्युटरवर नवीन काय टाकलं किंवा अपडेट झालं.